गुरुवारची घंटा: तालुक्याच्या गावातला रोटरी क्लब आठवडाभर कसा चालवायचा

जून संपत आला की तालुक्यातालुक्यात फ्लेक्स झळकायला लागतात. पदग्रहण समारंभ, नवे प्रेसिडेंट, नवे सेक्रेटरी, गळ्यात पदाची कॉलर, हातात गुच्छ. १ जुलैला रोटरीचं, म्हणजे समाजसेवेसाठी एकत्र येणाऱ्या व्यावसायिकांच्या संघटनेचं, वर्ष सुरू होतं, आणि त्याच आठवड्यात नव्या सेक्रेटरीला केटररचा फोन येतो: "साहेब, गुरुवारी ताटं किती?"

मी सेक्रेटरी झालो तेव्हा या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अंदाजाने चाळीस सांगितली. आले बावीस. उरलेला मसालेभात आणि जिलेबी घेऊन रात्री साडेदहाला मी आणि ट्रेझरर एसटी स्टँडवर मुक्कामी गाड्यांच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना वाढत होतो. त्यांनी मजेत खाल्लं, पण बिल चाळीसचंच आलं.

पुढे दोन वर्षं सेक्रेटरी आणि एक वर्ष प्रेसिडेंट होतो. त्या तीन वर्षांत जे हाताला लागलं ते नव्याने काम घेतलेल्यांसाठी लिहितो आहे. मोठे प्रकल्प, ग्रँट, गव्हर्नर व्हिजिट यांवर डिस्ट्रिक्टच्या (म्हणजे अनेक क्लबांच्या गटाच्या, त्याचा प्रमुख तो गव्हर्नर) ट्रेनिंगमध्ये पुष्कळ सांगतात. एका गुरुवारपासून दुसऱ्या गुरुवारपर्यंत काय करायचं, हे मात्र कुणी सांगत नाही, आणि माझ्या मते क्लब टिकतो किंवा विरतो तो याच सात दिवसांत. लायन्स किंवा जेसीज अशा दुसऱ्या सेवा क्लबवाल्यांनाही यातलं बरंचसं जसंच्या तसं लागू पडेल.

आधी वार आणि वेळ

दर आठवड्याला भेटण्याची रीत रोटरीत पहिल्यापासूनची आहे. २३ फेब्रुवारी १९०५ ला शिकागोत पॉल हॅरिस या वकिलाने तिघा ओळखीच्या व्यावसायिकांना एकत्र बोलावलं. पुढच्या बैठका पाळीपाळीने एकेकाच्या ऑफिसात व्हायला लागल्या, त्या फिरण्यावरून 'रोटरी' हे नाव पडलं. आपल्याकडे पहिला क्लब १९१९ मध्ये कलकत्त्यात निघाला, मुंबईचा १९२९ मध्ये. तेव्हापासून आठवड्याची सभा म्हणजे व्रतच होतं, चुकली तर दुसऱ्या गावच्या क्लबात जाऊन 'मेक-अप' करायचा, म्हणजे हजेरी भरून काढायची. २०१६ मध्ये नियम सैल झाला आणि महिन्यातून किमान दोनदा भेटलं तरी चालतं असं ठरलं.

ही सवलत ऐकून बऱ्याच क्लबांनी लगेच दोन सभा रद्द केल्या. आम्हीही केल्या. तीन महिन्यांत असं दिसलं की पंधरा दिवसांनी भेटणारा माणूस एक सभा चुकला की महिनाभर दिसत नाही, आणि मग त्याला सभेला येणंच अवघड वाटायला लागतं. आम्ही परत चार गुरुवारांवर आलो, पण वाटणी बदलली. पहिला गुरुवार क्लबच्या कामकाजाचा, दुसरा आणि चौथा वक्त्याचा, तिसरा हॉलबाहेर: एखादी शाळा, एखादं बंधाऱ्याचं काम, नाहीतर सदस्याचाच कारखाना. पाचवा गुरुवार आला तर घरच्या मंडळींसह जेवण.

वार ठरवताना गावाचा आठवडी बाजार, दुकानांचा सुट्टीचा वार आणि डॉक्टरांच्या ओपीडीची वेळ कागदावर मांडा. बाजाराच्या दिवशी व्यापारी रात्री नऊपर्यंत हलत नाही. उपासाचा विचार करत बसलात तर वारच उरणार नाही: सोमवार शंकराचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. त्यापेक्षा उपासवाल्यांसाठी चार प्लेट साबुदाण्याची खिचडी सांगून मोकळं व्हा. गुरुवारी संकष्टी आली तर मात्र सभा अर्धा तास आधी घ्या. त्या रात्री मंडळींचं निम्मं लक्ष वक्त्याकडे आणि निम्मं चंद्रोदयाच्या वेळेकडे असतं.

शुक्रवार: वही

सभेचा वृत्तांत शुक्रवारी दुपारच्या आत लिहा. रविवारपर्यंत थांबलात की कोण काय बोललं ते आठवत नाही आणि मग 'विविध विषयांवर सविस्तर चर्चा झाली' असं वाक्य लिहावं लागतं. आमच्या जुन्या वह्यांत हे वाक्य शेकड्याने सापडेल.

मी वहीच्या उजव्या बाजूला तीन रकाने आखायचो: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत. यातला मधला रकाना सगळ्यात महत्त्वाचा. त्यात 'समिती' किंवा 'सर्वांनी मिळून' असं कधी लिहू नका. एक माणूस, एक नाव. आमच्या क्लबात जिल्हा परिषदेच्या शाळेला पाण्याची टाकी द्यायचं दोनदा ठरलं होतं, दोन वेगवेगळ्या वर्षांत, टाळ्या वाजवून. दोन्ही वेळा मधल्या रकान्याच्या जागी 'प्रकल्प समिती' होतं. तिसऱ्या वेळी हार्डवेअरच्या दुकानदार मित्राचं नाव लिहिलं आणि खाली 'पुढच्या गुरुवारी कोटेशन' असं टाकलं. टाकी बसली.

वृत्तांत लिहून झाला की दोन फोन करायचे. एक वक्त्याला, आभाराचा. व्हॉट्सॲपवर हात जोडलेलं चित्र पाठवणं म्हणजे आभार नव्हे. दुसरा फोन जो सलग दोन गुरुवार आला नाही त्याला. 'का आला नाहीत' असं विचारायचं नाही. 'बरे आहात ना' एवढंच विचारायचं. अशा एका फोनवर मला कळलं की आमच्या एका सदस्याच्या आईला पक्षाघात झालाय आणि तो आठ दिवस मिरजेच्या हॉस्पिटलात बसून आहे. पस्तीस जणांच्या क्लबात हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्या आठवड्यात आम्ही सेवेवर एक व्याख्यान ऐकलं होतं.

बातमीचं कामही शुक्रवारीच उरका. वर्तमानपत्राच्या तालुका वार्ताहराला पाच ओळी आणि एक फोटो हवा असतो. पहिल्या ओळीत काम लिहा: कोणत्या गावात, किती मुलांना, काय मिळालं. उपस्थितांची नावं शेवटी, आणि ती बिनचूक. फोटोत चौदा जण रांगेत उभे राहून एकच प्रमाणपत्र धरतात ती पोज कृपा करून बंद करा. चष्मा लावून पहिल्यांदा फळ्यावरचं वाचणारी मुलगी दाखवा, बातमी आपोआप मोठी लागते.

शनिवार-रविवार

प्रकल्प जिथे आहे तिथे जाऊन या. दोघे पुरतात. दिलेलं ई-लर्निंगचं किट कपाटात कुलूपबंद तर नाही ना, हात धुण्याच्या नळाला पाणी येतं का, लावलेल्या झाडांना आळी केली आहेत का. मागच्या वर्षीचा प्रकल्प बघायला गेलात तर आणखी उत्तम, कारण तिथे कुणीच जात नाही.

पल्स पोलिओचा रविवार असेल तर बूथवर चार तास बसा. रोटरीने पोलिओचं काम १९८५ मध्ये अंगावर घेतलं. भारतातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा, पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यातला, आणि २७ मार्च २०१४ ला भारतासह दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त जाहीर झाला. रोग गेला तरी डोस चालू आहेत. बूथवर आपलं काम साधं असतं: आशाताईंना सावली, पाणी, चहा, आणि डोस झालेल्या पोराच्या डाव्या करंगळीवर शाईची खूण. क्लबात नव्याने आलेल्या माणसाला पहिलं काम हेच द्यावं. दोनशे पोरं तोंड उघडताना पाहिली की त्याला क्लबबद्दल वेगळं काही सांगावं लागत नाही.

सोमवार: वक्ता

सभेचा कणा म्हणजे वक्ता. शहरातून नामवंत माणूस आणायच्या नादात तालुक्याचे क्लब थकतात. गाडीभाडं, मानधन, पोचायला उशीर, आणि मग साडेनऊला सुरू झालेलं प्रेरणादायी भाषण. गावातच पाहा. महावितरणचा लाइनमन, पोस्टमन, बाजार समितीतला तोलार, सर्पमित्र, तलाठी, दहावीचे पेपर तपासणाऱ्या बाई, पन्नास वर्षं पखवाज वाजवणारे बुवा.

आमच्याकडे ऐकलेली सगळ्यात चांगली सभा एसटी डेपोतल्या एका मेकॅनिकची. माणूस युनिफॉर्मवरच आला, नखांत ग्रीस, माईक धरायची सवय नाही. जेवणाच्या टेबलावरचं एक स्टीलचं ताट उचललं, दोन वाट्या त्यात उभ्या धरल्या आणि ब्रेक ड्रमच्या आत लायनर कसे घासतात ते दाखवलं. घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून बसलं की ड्रम तापतो आणि ऐन वळणावर ब्रेक लागेनासा होतो. म्हणून ज्या गिअरमध्ये गाडी चढेल त्याच गिअरमध्ये ती उतरवायची. मग म्हणाले, "तुमच्या मोटारीलाही हेच आहे बरं का." खोलीत पंधरा मोटारवाले होते. प्रश्न संपेनात. सव्वादहाला प्रेसिडेंटनी घंटा वाजवली तरी चौघे जण ते ताट हातात घेऊन त्यांच्याभोवती उभे होते.

वक्त्याला बोलावताना चार गोष्टी आधीच स्पष्ट सांगा: वीस मिनिटं बोलायचं, दहा मिनिटं प्रश्न, श्रोते किती आणि कोण, जेवण आधी की नंतर. परिचयाच्या चार ओळी सोमवारीच मागून घ्या. कुणी काही विकायला येणार असेल, म्हणजे विमा, पाण्याचं मशीन किंवा साखळी योजना, तर नम्रपणे नाही म्हणा. एकदा होकार दिलात की पुढचे सहा महिने तेच फोन येतात. आणि स्मृतिचिन्हाची ढाल देऊ नका. प्रत्येक वक्त्याच्या घरी अशा ढालींचं एक कपाट भरलेलं असतं. पुस्तक द्या, नाहीतर गावातल्याच कुणाचं काही: घोंगडी, मडकं, गुळाची ढेप. मेकॅनिकना आम्ही चांगल्या प्रतीचा पाना-सेट दिला होता.

वक्ता मिळाला नाही तर घाबरू नका. सदस्यांपैकीच एकाला 'माझा धंदा' या विषयावर उभं करा. रोटरीची मूळ कल्पनाच एका धंद्याचा एक माणूस अशी होती, आणि जानेवारी हा महिना व्यवसाय सेवेचा म्हणून धरला जातो. आपल्याच क्लबातला खतांचा दुकानदार उधारी कशी वसूल करतो हे त्याच्या शेजारी दहा वर्षं बसलेल्या डॉक्टरला ठाऊक नसतं.

मंगळवार-बुधवार: फोन आणि ताटं

ग्रुपवर निमंत्रण टाकलं की वीस अंगठे येतात. त्या अंगठ्याचा अर्थ 'वाचलं' एवढाच. 'येतो' असा अर्थ त्याला चिकटवू नका. बुधवारी संध्याकाळी प्रत्यक्ष फोन हवा. एकट्याने पस्तीस फोन करू नका, पाच जणांना सात-सात नावं वाटून द्या. या पाच जणांत एखादा जुना प्रेसिडेंट असू द्या. त्यांना काम मिळतं, आणि त्यांच्या फोनला नाही म्हणणं जड जातं.

ताटांचा हिशेब मी शेवटी असा बसवला: फोनवर 'नक्की' म्हणाले ते सगळे धरायचे, 'बघतो' म्हणाले त्यातले तिसरा हिस्सा धरायचे, 'प्रयत्न करतो' म्हणाले ते सोडून द्यायचे. केटररला तेवढा आकडा द्यायचा आणि सांगायचं की भात आणि आमटी पाच माणसांची जास्त ठेव. प्रत्येक गाव वेगळं असतं, तेव्हा पहिले दोन महिने आकडे लिहून ठेवा आणि स्वतःचा हिशेब बसवा.

मेनू साधा ठेवा. पिठलं-भाकरी, ठेचा, भात, ताक या जेवणाला आमच्याकडे सगळ्यात जास्त हजेरी असायची. पनीरची भाजी आणि तीन गोड पदार्थ सुरू झाले की पुढचा यजमान चौथा आणतो, आणि ज्याला ते झेपत नाही तो हळूच सुटतो. वाढदिवस असलेल्याने जेवण द्यायची पद्धत असेल तर रकमेवर मर्यादा घाला आणि ती बोर्डात, म्हणजे क्लबच्या कार्यकारिणीत, ठरवून वहीत लिहा.

गुरुवार

दुपारी हॉलवर एक फेरी. बॅनर, घंटा, हातोडी, राष्ट्रध्वज, हजेरीचं रजिस्टर, पेन (दोन, कारण एक कुणीतरी खिशात घालून नेतो). पंखे लावून बघा. खुर्च्या अपेक्षेपेक्षा पाच कमी मांडा आणि बाजूला रचून ठेवा. रिकाम्या खुर्च्यांसमोर कुणालाही बोलावंसं वाटत नाही, आणि आल्यागेल्यासाठी खुर्ची ओढून देण्यात एक आपुलकी असते.

आमची वेळ सव्वाआठ. चहा-बिस्किटं आणि गप्पा पंधरा मिनिटं. साडेआठला घंटा, मग समोर सहा जण असोत की तीस. पहिले तीन गुरुवार लोक कुरकुरतात, चौथ्यापासून वेळेवर येतात. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबलं की वेळेवर आलेल्यांना शिक्षा होते, आणि पुढच्या वेळी तेही उशिरा येतात.

घंटेनंतर फोर वे टेस्ट. शिकागोच्या हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये आपली डबघाईला आलेली भांड्यांची कंपनी सावरताना लिहिलेले हे चार प्रश्न: खरं आहे का, सगळ्यांना न्याय्य आहे का, सदिच्छा आणि मैत्री वाढेल का, सगळ्यांच्या हिताचं आहे का. ते मराठीत म्हणा. इंग्रजीत सगळे पाढ्यासारखं म्हणून मोकळे होतात. आमच्या सराफ मित्राने मराठीत पहिल्यांदा मोठ्याने वाचलं तेव्हा पहिल्याच प्रश्नावर तो थबकला आणि सगळा हॉल हसला. तोही हसला.

पुढे वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, पाहुण्यांची ओळख: सात मिनिटं. सार्जंट, म्हणजे सभेची शिस्त सांभाळणारा सदस्य, पेटी फिरवतो. ज्याच्याकडे चांगली बातमी आहे त्याने ती सांगायची आणि पेटीत काहीतरी टाकायचं. हा भाग सूत्रसंचालकाच्या तावडीत सापडू देऊ नका, त्याला शेरोशायरीची सवय असते. सेक्रेटरीच्या घोषणा तीन मिनिटांत आणि जास्तीत जास्त तीन. चौथी घोषणा ग्रुपवर टाका.

आठ पन्नासला वक्ता. परिचय करून देणाऱ्याने बायोडाटा वाचायचा नाही, या माणसाला आपण का बोलावलं एवढं दोन वाक्यांत सांगायचं. पहिल्या रांगेत एकाला '५ मिनिटं' असं लिहिलेला पुठ्ठा देऊन बसवा. प्रश्नांच्या वेळी प्रेसिडेंटनी आधीच सांगावं की प्रश्न एका वाक्यात संपला पाहिजे. प्रत्येक क्लबात एक ज्येष्ठ सदस्य असतो, जो "माझा एक छोटासा प्रश्न आहे" असं म्हणून सात मिनिटं बोलतो. त्याला आम्ही आभाराचं काम दिलं. आभारासाठी भाषण लक्ष देऊन ऐकावं लागतं, आणि बोलायलाही मिळतं. तेव्हापासून दोघेही सुखी आहेत, तो आणि क्लब.

राष्ट्रगीत, घंटा, जेवण. जेवण शेवटीच. आधी ठेवलं तर हात धुतल्यावर निम्मी मंडळी दारातून पसार होतात.

पाहुणा आला तर

नव्या माणसाला गप्पिष्ट सदस्याशेजारी बसवा, पदाधिकाऱ्यांच्या टेबलावर नको. पहिल्या सभेत फॉर्म पुढे करू नका. दुसऱ्या वेळी त्याला प्रकल्पावर न्या. तिसऱ्या सभेनंतर वर्षाचा खर्च, अपेक्षित वेळ आणि जेवणाचा वाटा हे सगळं आकड्यांत सांगून विचारा. खर्च लपवून घेतलेला सदस्य जानेवारीत जातो. नाव बोर्डात मंजूर करून घ्या, सदस्यांना कळवा, कुणाची हरकत असेल तर तिला सात दिवस द्या, मग रोटरीची पिन लावा.

स्त्रियांना रोटरीत जगभर सदस्य होता येऊ लागलं ते १९८९ पासून. तरीही तालुक्याच्या अनेक क्लबांत बायका 'ॲन', म्हणजे सदस्याची पत्नी, म्हणूनच येतात: हळदीकुंकू, रांगोळी, आणि समारंभात तबक धरून उभं राहणं. आमच्या गावात लॅब चालवणाऱ्या एक बाई, एक वकील आणि एक नर्सरीवाल्या अशा तिघी सदस्य झाल्या, आणि त्या वर्षी हिशेब पहिल्यांदा महिन्याच्या महिन्याला मिळायला लागले. ट्रेझररपद त्यांच्यातल्या एकीकडे होतं.

पैसा: दोन खाती, दोन सह्या

क्लबची भांडणं निवडणुकीवरून होतात असं म्हणतात. मी पाहिलेली बहुतेक हिशेबावरून झाली.

सदस्यांची वर्गणी एका खात्यात, प्रकल्पांसाठी लोकांनी दिलेला पैसा दुसऱ्या खात्यात. शाळेच्या बाकांसाठी आलेल्या देणगीतून हॉलचं भाडं द्यायचं नाही, 'पुढच्या महिन्यात परत टाकू' म्हणूनही नाही. प्रत्येक चेकवर दोन सह्या. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी दोन्ही खात्यांची शिल्लक मोठ्याने वाचून दाखवा, एक मिनिटाचं काम आहे.

देणगीदाराला ८०जी ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती हवी असेल तर क्लबचा नोंदणीकृत ट्रस्ट लागतो, आणि दोन हजारांवरची रोख देणगी त्या सवलतीत बसत नाही, म्हणून चेक किंवा यूपीआयच मागा. ट्रस्ट असेल तर विश्वस्त बदलल्यावर धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो, आणि त्याला ९० दिवसांची मुदत असते. दरवर्षी पदाधिकारी बदलतात आणि दरवर्षी हे कुणीतरी विसरतं. आम्ही सहा वर्षं विसरलो होतो. ते निस्तरायला आमच्याच वकील सदस्याला दीड वर्ष खेटे घालावे लागले, फी न घेता.

रोटरीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेला द्यायच्या वर्गणीचं बिल वर्षातून दोनदा येतं, १ जुलै आणि १ जानेवारीच्या सदस्यसंख्येवर. जो सोडून जाणार आहे त्याचं नाव त्या तारखेआधी यादीतून काढलं नाही तर त्याचे पैसे क्लबच्या खिशातून जातात. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यादी समोर घेऊन बसा.

एक शिबिर, पहिल्या फोनपासून

रक्तदान शिबिर सगळेच क्लब घेतात, म्हणून तेच उदाहरण घेतो.

आमचं पहिलं शिबिर आम्ही क्लबच्या वर्धापनदिनी ठेवलं. त्याच रविवारी एका नेत्याचा वाढदिवस होता आणि गावात आणखी दोन शिबिरं होती. आकडा चांगला आला, फोटो छापून आले. दहा दिवसांनी रक्तपेढीतल्या तंत्रज्ञांनी सहज सांगितलं की पिशव्या मुदतीत वापरून होणार नाहीत अशी त्यांना धास्ती आहे. रक्ताची पिशवी साधारण ३५ दिवस टिकते. मे महिन्यात कॉलेजं बंद असतात, दिवाळीत सगळे गावी असतात, तेव्हा पेढी कोरडी पडते आणि तेव्हा कुणीच शिबिर घेत नाही.

म्हणून पहिली पायरी म्हणजे सहा आठवडे आधी रक्तपेढीला फोन करून विचारायचं, "तुम्हाला कधी हवंय, आणि किती?" तारीख त्यांची, आकडाही त्यांचा. साठ पिशव्या पुरे म्हणाले तर साठच. जास्तीच्या दात्यांची नावं, रक्तगट आणि फोन लिहून घ्या, तातडीच्या वेळी ती यादी शिबिराइतकीच कामाला येते.

चार आठवडे आधी जागा: तळमजला, हवेशीर, संडास जवळ, खाटा लावायला आणि दात्यांना बसायला वेगवेगळ्या खोल्या. दोन आठवडे आधी नोंदणी. इथे नियम सांगून टाका म्हणजे दारातून परत पाठवावं लागत नाही: वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन साडेबारा, मागच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० आणि स्त्रियांचे १२० दिवस झालेले. वर्षभरात टॅटू काढलेल्या पोरांना थांबावं लागतं, आणि हल्ली अशी पोरं बरीच निघतात. उपाशीपोटी येऊ नका हे तीनदा सांगा. हिमोग्लोबिन कमी निघालेल्या मुलींना नुसतं 'नाही' म्हणून पाठवू नका, शेजारी एक डॉक्टर बसवा. आमच्या एका शिबिरात रक्त देणाऱ्या बायकांपेक्षा परत गेलेल्या जास्त होत्या. पुढच्या वर्षीचा आमचा प्रकल्प तिथेच ठरला.

त्या दिवशी क्लबची माणसं फक्त तीन ठिकाणी लागतात: नोंदणीचं टेबल, चहा-बिस्किटांची खोली आणि दार. दात्याला पंधरा-वीस मिनिटं बसवून ठेवणं हे सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात कंटाळवाणं काम. ते गप्पिष्ट सदस्याला द्या. दात्याला हेल्मेट, बॅग, मिक्सर अशी बक्षिसं देऊ नका. त्या चढाओढीत क्लब कधीच जिंकत नाही, आणि रक्त स्वेच्छेनं मिळतं ते वेगळंच. उद्घाटनाला पाहुणा बोलवायचाच असेल तर त्याला सांगा, भाषण नको, बाही वर करून खाटेवर या.

मानापमान

मंचावर पाचच खुर्च्या ठेवा. कोण बसणार ते आदल्या रात्री ठरलेलं हवं. निवडणूक जवळ आली की सगळ्या पक्षांच्या इच्छुकांना अचानक समाजसेवा आठवते. त्या काळात मंचावर कुणालाच बोलवू नका, म्हणजे कुणाला बोलवलं नाही हा प्रश्न उरत नाही. जुने प्रेसिडेंट रागावले तर घरी जाऊन चहा प्या. ग्रुपवर उत्तर देऊ नका.

पुढच्या वर्षीचे पदाधिकारी डिसेंबरअखेर निवडून होतात. तेव्हापासून नव्या सेक्रेटरीला बुधवारच्या फोनांत आणि शुक्रवारच्या वहीत सोबत घ्या. जूनमध्ये एकदम फाइल हातात दिली की तो केटररला चाळीस ताटं सांगतो.

३० जूनला माझ्या हातून गेलेल्या कपाटाची यादी अशी होती. घंटा एक, हातोडी एक (दांडा सैल आहे), कॉलर एक, बॅनर दोन, हजेरी रजिस्टरं चार, वृत्तांताच्या वह्या अकरा, दात्यांची यादी रक्तगटांप्रमाणे, दोन्ही खात्यांची पासबुकं, केटररचा नंबर, हॉलच्या वॉचमनचा नंबर, पुठ्ठा '५ मिनिटं' एक. खाली पेन्सिलीने लिहिलं होतं: माईकचे सेल गुरुवारी दुपारीच बदलणे, संध्याकाळी दुकान बंद असतं.